आठ कलांचे अंतर

प्रागहून परत आलेला माणूस बहुधा पूल आणि घड्याळ या दोनच गोष्टींविषयी बोलतो. जुन्या नगरचौकातले ते घड्याळ १४१० सालचे. ठोके पडायची वेळ झाली की खाली सारे जग माना वर करून उभे असते. २०२५ च्या मे महिन्यात मीही तसाच उभा होतो. पण चौकाच्या दुसऱ्या अंगाला टीनच्या चर्चमध्ये एक कबर आहे, तिकडे त्या गर्दीतले फार थोडे वळले. मीही वळलो नसतो. भाचीने दंड धरून नेले.

तांबूस संगमरवरावर चिलखत घातलेला एक पुरुष कोरला आहे. हा टायको ब्राहे, डेन्मार्कचा सरदार. तरुणपणी द्वंद्वात नाक गमावले, म्हणून धातूचे लावून हिंडणारा. दुर्बीण अजून निघाली नव्हती. अशा काळात नुसत्या डोळ्यांनी, वर्षानुवर्षे, त्याने ग्रहांच्या जागा इतक्या काटेकोरपणे टिपल्या की युरोपात त्याला तोड नव्हती. १६०० साली त्याच्याकडे कामाला आला योहानेस केप्लर. हा गरीब, डोळ्यांनी अधू, पण गणितात पक्का. त्याच्या वाट्याला आला मंगळ, कारण तोच ग्रह कोणाच्या हिशेबात बसेना.

१६०१ च्या ऑक्टोबरात टायको गेला. आपले जगणे फुकट गेले असे होऊ नये, एवढेच तो अखेरच्या रात्री पुन्हा पुन्हा म्हणत होता. वारसदार जागे होण्यापूर्वी केप्लरने टिपणांच्या वह्या ताब्यात घेतल्या. पुढे तशी कबुलीही दिली. राजगणिती हे पद त्याला मिळाले, पगार मात्र नेहमी थकलेला. (हे ऐकून मला तो एकदम आपल्यातला वाटला.)

ग्रह वर्तुळातच फिरतात, असे तेव्हा सारेच मानीत; केप्लरही. टायकोची चार निरीक्षणे घेऊन त्याने मंगळाचा मार्ग बसवला. त्यासाठी तेच गणित सत्तर वेळा केले. जमले, असे वाटले. मग इतर निरीक्षणांशी ताडून पाहिले, तो आठ कलांचे अंतर!

कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. पंचांग उघडणाऱ्या घरांत हा शब्द नवा नाही. पौर्णिमेचे चंद्रबिंब सुमारे तीस कला रुंद दिसते. त्याचा जेमतेम चौथा हिस्सा चुकला, एवढीच गोष्ट. आम्ही मास्तर मंडळी आठ गुण 'ग्रेस' म्हणून डोळे मिटून देतो. केप्लरला ते देता आले नाहीत. टायको आठ कला चुकणार नाही, हे तो जाणून होता. मग चुकले असेल ते वर्तुळच. दोन हजार वर्षांचे वर्तुळ त्याने टाकून दिले आणि लंबवर्तुळ हाती येईपर्यंत खपत राहिला. ग्रंथ निघाला १६०९ साली. सूर्यच पृथ्वीभोवती फिरतो, हे टायकोचे लाडके मत होते. तेही या ग्रंथात बुडाले. वह्या मात्र तरल्या.

आपल्याकडेही हा झगडा झालेला आहे. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' रचला आणि पंचांगे पुढे शेकडो वर्षे त्यावर चालली. एकोणिसाव्या शतकात केरोपंत छत्र्यांनी गणित आणि आकाश जुळत नाही म्हणून नवे पंचांग सुरू केले, तेव्हा किती वाद झाले!

संध्याकाळी बावीस नंबरच्या ट्रामने किल्ल्यापलीकडच्या चढावर गेलो. एका शाळेपुढे टायको आणि केप्लर शेजारी शेजारी उभे आहेत.

"मामा, ती भाऊबीज आठवते?" भाचीने विचारले.

आठवते तर! ५ नोव्हेंबर २०१३. ताईचे ओवाळून झाले होते, आणि दुपारी दोन अडतीसला श्रीहरिकोट्याहून मंगळयान सुटले. ही तेव्हा आठवीत. यान सरळ मंगळाकडे का जात नाही, म्हणून तिने मला भंडावले होते. मला काय ठाऊक! मी करंजी पुढे केली.

आता उत्तर तिने दिले. झोका खाली येतो तेव्हाच ढकलावा, तसे यान पृथ्वीच्या अगदी जवळ, म्हणजे भरवेगात असताना इंजिन चालवायचे. प्रत्येक खेपेस लंबवर्तुळ लांबत जाते. १ डिसेंबरला शेवटचा रेटा. मग सूर्याभोवतीच्या लंबवर्तुळावरून जवळजवळ तीनशे दिवस प्रवास, तोही बहुतेक इंजिन न लावता. ही काटकसरीची वाट हिशेबाने दाखवली ती एसेन शहरातल्या वाल्टर होमान नावाच्या इंजिनिअरने, १९२५ साली. मात्र यान पोहोचेल त्या घडीला मंगळही तिथे हवा. असा मुहूर्त सव्वीस महिन्यांनी येतो. २४ सप्टेंबर २०१४ ला यान मंगळाच्या कक्षेत शिरले. ती कक्षा एका टोकाला मंगळापासून जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर होती. पृथ्वी तेव्हा बावीस कोटी किलोमीटर दूर.

"आणि आठ कला चुकल्या असत्या तर?"

तिने फोनवर हिशेब केला. बावीस कोटींवर आठ कला म्हणजे पाच लाख किलोमीटर. आपल्यापासून चंद्रदेखील इतका लांब नाही.

उतरणीला लागलो तेव्हा अंधार पडला होता. पश्चिमेला एक तांबूस ठिपका तिने दाखवला. हात लांब केला की करंगळीची रुंदी साधारण एक अंश भरते, म्हणाली. मी भर रस्त्यात हात ताणून, एक डोळा मिटून, करंगळीचा आठवा भाग डोळ्यांनी मापीत उभा राहिलो. येणारेजाणारे पाहत होते.

"मामा, चला, ट्राम आली."