पोटभाडेकरू

नावं ठेवण्याच्या बाबतीत शास्त्रज्ञांचा हात कोणी धरू शकणार नाही. उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवर, म्हणजे ब्रिटन, आयर्लंड, नॉर्वे या बाजूला, एक तपकिरी समुद्रशेवाळ आहे. तिचं शास्त्रीय नाव 'एलाकिस्टा फ्युसिकोला'. 'एलाकिस्टा' म्हणजे ग्रीक भाषेत सगळ्यांत लहान, आणि 'फ्युसिकोला' म्हणजे फ्युकसवर राहणारी. पहिल्या शब्दात उंची, दुसऱ्यात पत्ता. लग्नाच्या बाजारातही इतकी रोखठोक माहिती कोणी देत नाही.

उंची म्हणाल तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. दिसायला, दाढीच्या जुन्या ब्रशाचे केस गळून शेवटी जो झुबका उरतो तशी. आणि पत्ता फ्युकसचा. हे फ्युकससुद्धा तपकिरी शेवाळच, पण चांगलं हातभर, चामड्याच्या पट्ट्यासारखं. त्याच्या एका जातीला जोडी-जोडीनं हवेचे फुगे असतात. भरती आली की फुग्यांच्या जोरावर ते उजेडाकडे उभं राहतं आणि ओहोटी लागली की खडकावर ओल्या पंच्यासारखं पसरतं. खडक त्यानं आपल्या चकतीनं असा धरलेला असतो, की पागडी देऊन जागा घेतलेला जुना भाडेकरू काय धरील! अशा या फ्युकसच्या अंगावर आमची एलाकिस्टा राहते. म्हणजे खडक समुद्राचा, खडकावर फ्युकस आणि फ्युकसवर ही. मुंबईच्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायला नको. तो लगेच म्हणेल, "पोटभाडेकरू!"

तिची सरकारदरबारी पहिली नोंद 1795 सालची. थॉमस व्हेली नावाच्या एका इंग्रज गृहस्थानं ती केली आणि तिला 'कॉन्फर्व्हा' या खात्यात टाकलं. त्या काळी पाण्यात केसांसारखं, सुतासारखं जे जे काही दिसे ते कॉन्फर्व्हात टाकण्याची पद्धत होती. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर सस्पेन्स अकाउंट. ज्या रकमेचं काय करावं ते कळत नाही, ती तिथं. पुढे 1842 साली आरेशोग नावाच्या स्वीडिश पंडितानं तिची एलाकिस्टात बदली केली. सत्तेचाळीस वर्षं सस्पेन्समध्ये पडून राहिलेली नोंद शेवटी निकालात निघाली, हे वाचून मला खरोखर भरून आलं. (एलाकिस्टा नावाचे चिमुकले पतंगही आहेत. वनस्पतींची नावं आणि प्राण्यांची नावं यांची रजिस्टरं वेगळी, त्यामुळे एकाच नावाची दोन खाती चालतात. आमच्याकडे असं झालं तर इन्स्पेक्शनवाले जेवायचे थांबतील.)

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्याच्या अंगावर वाढते म्हणजे बांडगूळच की! इथंच मला थोडं बोलायचं आहे, कारण हा शब्द मी आमच्या घरात ऐकलेला आहे.

आम्ही चाळीत दोन खोल्यांत राहत होतो, आणि वडिलांचे एक चुलतभाऊ आमच्या गॅलरीत झोपत. एक वर्ष, दोन वर्षं नाही, चौदा वर्षं. ते एका कापड दुकानात बिलं लिहीत, दोन्ही वेळा खाणावळीत जेवत आणि रात्री दहाला येऊन वळकटी उलगडत. सकाळी सहाला ती गुंडाळलेली असे. एक तारखेला चहाच्या डब्याखाली पैसे ठेवत. किती ते आईनं कधी आम्हाला सांगितलं नाही. त्यांना आमच्याकडून हवी होती ती सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद जागा, तीही रात्रीपुरती. एका लग्नाच्या पंगतीत नात्यातल्या एका बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "बांडगूळ हो, दुसरं काय!" काका जिलबी खात होते. ते म्हणाले, "वहिनी, बांडगूळ आंब्यावर येतं. यांच्याकडे आंबा कुठाय?" पंगत हसली. काकाही हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा वेगळा तांब्या आणला आणि तो चाळीच्या नळावर भरायला लागले. आमच्या माठातलं पाणी त्यांनी पुन्हा घेतलं नाही. आई रोज रात्री त्यांच्या उशाशी पेला भरून ठेवी. सकाळी तो तसाच भरलेला असे.

वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उघडलं की कळतं, काकांनी नेमकं कलम पकडलं होतं. आंब्यावरचं बांडगूळ हिरवंगार असतं, अन्न ते आपल्या पानांत स्वतः शिजवतं. पण पाणी आणि त्यातले क्षार आंब्याच्या फांदीत नळी खुपसून ओढून घेतं. गुन्हा आहे तो पाण्याचा! याउलट झाडावरची सीतेची वेणी घ्या. ती फांदीला मुळांनी धरून असते, पण खाणंपिणं हवापाण्यातून स्वतःचं. अशांना अपिवनस्पती म्हणतात, आणि एलाकिस्टा त्या पंगतीतली. उजेड सूर्याचा, पाणी समुद्राचं, स्वयंपाक स्वतःचा. फ्युकसकडून फक्त जागा.

पण जग पुराव्याशिवाय विश्वास ठेवत नाही. अटलांटिकच्या त्याच खडकांवर अ‍ॅस्कोफिलम नावाचं आणखी एक मोठं तपकिरी शेवाळ असतं. त्यावर एलाकिस्टाही राहते आणि एक लाल झुबकेदार शेजारीणही. ही शेजारीण मालकाच्या अंगात चांगली खोल मुळी घालून बसते, त्यामुळे तिच्यावर संशय फार. 1975 साली हार्लिन आणि क्रेगी या दोन शास्त्रज्ञांनी तिचं चक्क ऑडिट केलं. किरणोत्सर्गी कार्बन म्हणजे खुणेच्या नोटा! मालकाच्या स्वयंपाकात खुणेचा कार्बन घालायचा आणि तो भाडेकरणीच्या घरात किती सापडतो ते मोजायचं. सापडलं ते नगण्य. बाई निर्दोष सुटल्या.

मग मुळी एवढी खोल कशाला? त्याचं कारण घरमालक. अ‍ॅस्कोफिलम आपल्या अंगाची वरची कातडी अधूनमधून सोलून टाकतं, आणि त्या सालीबरोबर वर चिकटलेले सगळे भाडेकरू समुद्रात. ना नोटीस, ना तारीख, ना स्मॉल कॉज कोर्ट. टिकतो तो कातडीच्या आत पाय रोवलेला. एलाकिस्टाचाही बुडखा असाच मालकाच्या अंगात थोडा रुतलेला असतो. तिची एक सख्खी बहीण हिमँथेलिया या दुसऱ्या शेवाळावर बिऱ्हाड करते. तिथला मालकही कात टाकणारा, तरी ही आत रुतून बसलेली. जागेची टंचाई काय असते ते या बहिणींना विचारावं.

मालकाचीही बाजू आहे. झुबके वाढले की त्याच्यावर सावली पडते, आणि लाट आली की झुबक्यांसकट ओढ बसते. बाल्टिक समुद्रात शेतांतली खतं आणि शहरांचं सांडपाणी उतरलं, तशी ही बारीकसारीक शेवाळं माजली आणि फ्युकसची पंचाईत झाली. पण मला विचाराल तर त्यात दोष सांडपाणी सोडणाऱ्यांचा. चार दाणे जास्त पडले आणि चिमण्या जमल्या, तर चिमण्यांना काय बोलायचं?

काका पुढे बहिणीकडे गावी गेले. जाताना वळकटी नेली, तांब्या राहिला. आईनं तो घासून फळीवर ठेवला, आणि त्यात कोणी पाणी भरलेलं तिला चालत नसे.

फ्युकसचा शेवट वादळात होतो. खडकावरून उपटून लाटा त्याला किनाऱ्यावर ढिगानं टाकतात. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरचे शेतकरी पूर्वापार हे ढीग गाड्या भरभरून बटाट्याच्या शेतात नेत आले आहेत. खत म्हणून ते उत्तम. एलाकिस्टाही त्याच गाडीतून, मालकाच्या अंगावर बसून जाते. गाडीवाला मोजतो ते फक्त फ्युकस.