धर्मपित्याची जागा

वसईच्या माझ्या ख्रिस्ती मित्राची फार इच्छा, की लेकीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मीच उभे राहावे. पण मी पडलो हिंदू! फादरांनी १९८३ च्या धर्मसंहितेतल्या अटी सांगितल्या : धर्मपिता कॅथलिक हवा; १६ वर्षे पुरी, ख्रिस्तप्रसाद व दृढीकरण झालेले, वागणे श्रद्धेला धरून. "जीव लावायलाही कायदा?" मित्र रुसला. मला मात्र अट रास्त वाटली. पोरीला ज्या वाटेने न्यायचे, ती वाटाड्याच्या पायाखालची नको का? शिवाय जन्मदात्यालाही ही जागा निषिद्धच. म्हणजे आम्ही दोघे एकाच पंगतीत! अखेर तिचा मामा उभा राहिला. डोक्यावर पाणी पडताच पोरीने टाहो फोडला, आणि बाप पुढे, मी मागच्या बाकावर, दोघांनीही हळूच डोळे पुसले.