सड्यावरचं अर्थिंग

गाडी चार्ज करायला बाहेर एक पॉइंट काढून द्या, असं म्हटल्याबरोबर गिऱ्हाईक सॉकेटबद्दल बोलायला लागतं. कुठल्या कंपनीचा, किती अँपियरचा, झाकणाचा की बिनझाकणाचा. मी तोवर अंगणात फिरत असतो. विहीर कुठे आहे, न्हाणीचं पाणी कुठे जातं, माडांना आळी केलीत का. सॉकेट दुकानात मिळतो. रत्नागिरीच्या सड्यावर अर्थिंग मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.

इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात जमीन ठणठणीत कोरडी. सड्याचा जांभा दगड पाणी धरत नाही. घाटावरच्या काळ्या मातीत अडीच मीटरचा पाइप घातला की अर्थ टेस्टरचा आकडा मुकाट खाली येतो. तिथल्या वायरमनला आमचं दुखणं सांगून कळत नाही. सड्यावर तोच पाइप, तोच कोळसा, तेच मीठ, आणि आकडा शंभर ओहमच्या खाली यायला तयार नसतो. टेस्टरच्या खुंट्यासुद्धा शिरत नाहीत, ड्रिलने भोक पाडून, पाणी ओतून उभ्या कराव्या लागतात.

घरातल्या कामाला हे कधी आडवं आलं नाही. पंखा, फ्रिज, पंप अर्थिंगची चौकशी करत नाहीत. गाडीचा चार्जर करतो. पृथ्वीची खात्री पटल्याशिवाय तो गाडीला वीज देत नाही, लाल दिवा दाखवून गप्प बसतो. इतकी वर्षं मी फेज आणि अर्थिंगमध्ये शंभरचा बल्ब लावून निवाडा करत आलो. आमच्या पिढीतले सगळेच करायचे. बल्ब अर्धा अँपियरसुद्धा घेत नाही. पाच ओहम आणि वीस ओहम यांतला फरक त्याच्या उजेडात दिसायचा नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर पुतणी माझ्या हाताखाली आली. आयटीआयचा वायरमन ट्रेड केलेली. एका घरी मी दुपारी न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज बघितला, तीनच्या आसपास होता, चार्जर हिरवा झाला, आम्ही सामान आवरलं. ती म्हणाली, "काका, रात्री परत येऊया. गाडी लावून बघू." मला ते आवडलं नाही. मालकासमोर बोलली हे तर अजिबात आवडलं नाही. पण गेलो. वाडीतले सगळे दिवे, पंखे, मिक्सर चालू, खांबापासून घरापर्यंतची सर्व्हिस वायर लांब, आणि त्यात गाडी स्वतः पंधरा अँपियर ओढणारी. वायरचा अर्धा ओहम धरला तरी पंधरा अँपियरला साडेसात व्होल्ट न्यूट्रलवर चढतात, शेजाऱ्यांचे वेगळे. मीटर बाराच्या पुढे गेला आणि चार्जर लाल झाला. तेव्हापासून रात्री आठनंतर, गाडी जोडलेली असताना माप घेतल्याशिवाय मी पॉइंट मालकाच्या हवाली करत नाही.

याच लाल दिव्यावर आता एक धंदा उभा राहिला आहे. काही पोरं येतात, सॉकेट उघडतात, न्यूट्रलवरून अर्थिंगच्या पिनेला वायरचा तुकडा मारतात. चार्जर फसतो, हिरवा होतो, दहा मिनिटांत पैसे घेऊन पोरं जातात. मालक मला सांगतो, तुम्ही दोन दिवस खड्डे खणत होता, त्याने लगेच चालू करून दिलं. त्या तुकड्याने काय केलं ते मालकाला दिसत नाही. उद्या खांबावरचा न्यूट्रल तुटला की फेज गाडीतून फिरून त्या तुकड्यावाटे अर्थिंगच्या पिनेवर येणार, आणि ती पिन गाडीच्या पत्र्याला जोडलेली. गाडी रबरी टायरांवर उभी. मालक ओल्या अंगणात अनवाणी, हात दाराच्या कडीला. आरसीसीबी, म्हणजे गळती दिसताच वीज तोडणारा स्विच, असेल तर तो पडेल, पण खरं अर्थिंग जोडलेलं असताना असा तुकडा मारला की आरसीसीबी एरवीही पडत राहतो, म्हणून ही पोरं तोही काढून टाकतात. असं काम करणाऱ्याला मी स्वस्तात काम करणारा म्हणत नाही, वायरमनच म्हणत नाही.

आरसीसीबीचा मला फार आधार वाटतो, त्यामागे साधा हिशोब आहे. अर्थिंग दहा ओहमचं, म्हणजे आमच्याकडे स्वप्नातलं, धरलं तरी पत्र्याला फेज लागल्यावर 230 भागिले 10, तेवीस अँपियरच जमिनीत जाणार. वीसचा एमसीबी तेवीसला तासभरही तग धरू शकतो. शंभर ओहमला तर सव्वादोन अँपियर, एमसीबीला पत्ताही लागणार नाही. तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी मात्र शंभर ओहमवरसुद्धा तीन व्होल्टला तोडतो. म्हणून गाडीच्या पॉइंटला त्याचा स्वतंत्र आरसीसीबी, तोही ए टाइपचा. गाडीच्या गळतीत डीसीचा अंश येऊ शकतो आणि साधा एसी टाइप त्याला ओळखत नाही. दुकानदार एसी टाइपच पुढे करतो. दिसायला दोन्ही सारखेच.

बाकीचं काम सोपं, पण आळस चालत नाही. दोन हजार वॅटचा गीझर नऊ अँपियर घेतो आणि पाणी तापलं की सुटतो. 2020 साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटांची, पंधरा अँपियरच्या पॉइंटवर ती भरायला अख्खी रात्र जाते आणि मधे उसंत नसते. घरातला मॉड्युलर सॉकेट तिथे लावला की फेजचं भोक तपकिरी होतं, मग प्लास्टिक पाघळतं. त्यामुळे चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि निळा इंडस्ट्रियल सॉकेट, नैर्ऋत्येच्या भिंतीवर कधीच नाही, कारण पाऊस तिकडूनच आडवा येतो. केबल खालून आत न्यायची, आधी तिला झोळ द्यायचा, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला गळून पडतं. ग्लँड घट्ट हवी. नाहीतर आधी मुंग्या, मग मुंग्यांमागे पाल. खाऱ्या हवेने स्क्रू हिरवे पडतात, म्हणून लग टिन केलेले. ते क्रिम्प आता पुतणीच करते. तिचे माझ्याहून सरळ येतात, आणि मालकाने आधी त्याच बाजूला बघितलं की मला लागतं.

माझी हौस खड्ड्याची आहे. पाइप उभा केला, कोळसा भरला, पट्टी नटबोल्टने आवळली की बुजवण्याआधी मी मालकाला हाक मारतो, बायकामुलांनाही बोलावतो. एकदा माती पडली की ते काम कुणाला दिसणार नाही, आणि ते कुणी बघितलं नाही ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

सध्या पुतणीचं आणि माझं वाजतं ते मिठावरून. ती म्हणते, मीठ जीआय पाइप खातं आणि आपल्या पावसात दोन वर्षांत धुऊन जातं, बेंटोनाइटची चिकणमाती वापरा. मी म्हणतो, जांभ्याच्या भेगांत बेंटोनाइटसुद्धा उन्हाळ्यात आकसतो, पाइपला सोडतो, आणि मिठासारखा दरवर्षी बादलीभर वरून ओतता येत नाही. हे भांडण कुठल्याही पुस्तकाने मिटणार नाही. सड्यावरच्या एका घरी जागा आहे, माडांची दोन आळी आहेत, रोज शिंपणं चालतं. दोन पाइप घालायचे, दोहोंमध्ये निदान एका पाइपाच्या लांबीएवढं अंतर ठेवायचं, एकात तिचं, एकात माझं. दोन्ही एकत्र जोडण्याआधी वेगवेगळी मापं घ्यायची, ऑक्टोबरात नव्हे, मेच्या शेवटच्या आठवड्यात, पहिला पाऊस पडायच्या आधी. मालकाला मी सांगून ठेवलं आहे, तोवर तिथे गाडी लावायची नाही.