शत्रू काय रेल्वेनं येतो?

२६ जुलै २०२१, सोमवार. धुळ्यात देवपुरातल्या आमच्या घरी पहाटे पाचला मी चहा ठेवायला उठले, तर माझे वडील, अण्णा, आधीच टीव्हीसमोर बसलेले. दोन दिवसांपूर्वी ते जळगावहून एसटीने आले होते, एरंडोल-पारोळा करत, रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याचा हिशेब ठेवून. टीव्ही बंदच होता. ‘‘किती वाजता हाये तिची?’’ त्यांनी विचारलं. तिची म्हणजे ऑलिंपिकमध्ये उतरणाऱ्या तलवारबाज भवानीदेवीची.

हा प्रश्न अण्णांनी विचारावा याचं मला जे वाटलं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

अण्णा जळगावच्या एका आखाड्यातले. गणपती मेहरूणकडे निघाले की मिरवणुकीत त्यांचा दांडपट्टा ठरलेला. माणसाच्या तळहातावर लिंबू ठेवायचं आणि गरागरा फिरणाऱ्या पात्यानं त्याचे दोन तुकडे करायचे. तळहात बहुतेकदा माझ्या काकांचा असे. त्यांच्या अंगठ्याखाली एक पांढरी रेघ आहे, तिचा विषय घरात निघत नाही.

आणि मी आठवीत तलवारबाजीत नाव घातलं. खरं सांगायचं तर दहावीला खेळाचे गुण मिळतात म्हणून. अण्णांना आधी आनंद झाला. मग एकदा ते सरावाला आले. मैदानावर फक्कीनं आखलेली चौदा मीटरची पट्टी, तिच्यावर पुढे-मागे सरकणाऱ्या दोन मुली, पाठीतून निघालेल्या वायरी, बाजूला दिव्यांचा डबा. अण्णा शेवटपर्यंत उभे राहिले आणि घरी येताना सायकलवर एवढंच म्हणाले, ‘‘सरळ रेषेत कोण लढतं? शत्रू काय रेल्वेनं येतो?’’ हे वाक्य पुढे आमच्या नात्यागोत्यात इतकं फिरलं, की माझ्या लग्नातही कुणीतरी ऐकवलं.

तलवारबाजीतल्या तीन हत्यारांपैकी माझं सेबर. फॉईलला फक्त धड चालतं आणि घाव टोकानंच लागावा लागतो. इपीत डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत कुठेही लावा, पण तेही टोकानंच. सेबरमध्ये पात्याची धारही चालते. कमरेच्या वरचं सगळं, डोकं आणि हातसुद्धा, घावाच्या टप्प्यात. त्यामुळे ती अंगावर धावून येणारी, आरडाओरड्याची तलवारबाजी. जळगावच्या मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसच्या पुढे असताना, जाड जॅकेट, वर धातूच्या धाग्यांचं लामे आणि तोंडावर जाळीचा मास्क घालून आम्ही ती शिकलो. लामे आम्हां पाच जणींत मिळून एकच. आधीची उतरवायची, दुसरी ते तिच्या घामासकट चढवायची. त्या वासापुढे पराभव काहीच नव्हे.

नाशिक विभागाच्या स्पर्धेत माझी बाऊट, म्हणजे लढत, धुळ्याच्या मुलीशी लागली. माझी बॉडी वायर मध्येच दगा देई. घाव बसायचा आणि डबा ढिम्म. वायर बदलेपर्यंत मी ४-१ ने मागे होते आणि साखळीची बाऊट पाच घावांची असते. अण्णा तिथं नव्हते. घरी येऊन सांगितलं तर म्हणाले, ‘‘दिवा लागला नाही म्हणून घाव लागला नाही? लिंबाला कुठं वायर असते?’’ मी त्या रात्री जेवले नाही. कॉलेजपर्यंत खेळले, मग बी.पी.एड., नोकरी, लग्न. सेबर कपाटावर गेली.

तर त्या सोमवारी पहाटे साडेपाचला भवानीची बाऊट सुरू झाली. समोर ट्युनिशियाची नादिया बेन अझीझी. कोरोनामुळे प्रेक्षक नव्हते. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये फक्त बुटांचे आवाज, पात्यांची खणखण आणि प्रत्येक घावानंतर मास्कमधून फुटणारी किंकाळी. सासूबाई उठून आल्या, त्या त्या किंकाळीनंच. ‘‘हाई काय चालू शे?’’ मी समजवायला लागले आणि तेवढ्यात तीन घाव होऊन गेले. या खेळाची हीच पंचाईत आहे. कबड्डीत पकडलेला माणूस दिसतो, इथं सगळं पापणी लवण्याआधी संपतं आणि पाहणाऱ्याच्या हाती उरतात फक्त लाल-हिरवे दिवे. दोघींचे घाव १७० मिलिसेकंदांच्या आत पडले तर दोन्ही दिवे लागतात. मग हल्ल्याचा हक्क कुणाचा होता ते पंच ठरवतो, हातवारे करून आणि फ्रेंच शब्द उच्चारून. ‘‘आते काय व्हयनं?’’ सासूबाई दर मिनिटाला विचारत होत्या. विश्रांतीला भवानी ८-० ने पुढे. सहा मिनिटं चौदा सेकंदांत १५-३. आधुनिक ऑलिंपिकमध्ये १८९६ पासून हा खेळ आहे आणि त्यात भारताकडून पहिल्यांदाच कुणी उतरलं होतं, तेही जिंकून. मी टाळ्या पिटल्या. अण्णा गप्प.

दोनेक तासांनी फ्रान्सची मानों ब्रुने. तेव्हा जगातली तिसऱ्या क्रमांकाची. मला वाटलं अण्णा झोपतील, पण ते खुर्ची पुढे ओढून बसले. पहिले दोन-तीन घाव ब्रुनेचे गेले आणि ते एकदम म्हणाले, ‘‘तिचे पाय पाह्य. हाताकडे काय पाह्यते?’’

मी पायांकडे पाहिलं. वीसेक वर्षांत मला कुणी इतक्या नेमक्या वेळी काही सांगितलं नव्हतं. ब्रुने पुढे येते असं वाटायचं, ती अर्धं पाऊल टाकून थांबायची, भवानीचा हात निघायचा आणि नेमका वीतभर कमी पडायचा. त्या वीतभर रिकाम्या जागेतून ब्रुनेचं पातं आत यायचं. निदान आम्हां दोघांना तरी ते तसं दिसलं. ‘‘लिंबू मागं सरकून राह्यलं,’’ अण्णा म्हणाले. हल्ल्याचा हक्क, दोन्ही दिवे, यातलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. अंतर ठाऊक होतं. ज्याच्या चुकीची रेघ सख्ख्या भावाच्या हातावर आहे त्याला वीत म्हणजे काय ते कुणी शिकवायची गरज नसते, एवढं माझ्या तेव्हा लक्षात आलं. शाळेच्या मैदानावरही ते कदाचित हेच पाहत उभे होते.

विश्रांतीला २-८. पुढच्या टप्प्यात भवानीनं पाच घाव काढले आणि अण्णा प्रत्येक वेळी मांडीवर थाप मारत होते. ‘‘आता उमगलं पोरीला. पण उशीर झाला.’’ ७-१५ ला बाऊट संपली. ब्रुनेनं पुढे त्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं. भवानीनं हरल्याबद्दल देशाची माफी मागितल्याचं मी नंतर वाचलं आणि मला राग आला, तिचा नव्हे. चेन्नईच्या शाळेत इतर खेळांतल्या जागा भरल्या म्हणून ही मुलगी तलवारबाजीत शिरली, बांबूच्या काठ्यांनी शिकली आणि माफी तिनंच मागायची? २०२३ मध्ये वूशीच्या आशियाई तलवारबाजी अजिंक्यपद स्पर्धेत तिनं जगज्जेत्या मिसाकी एमुराला १५-१० ने हरवून कांस्य आणलं, त्या दिवशी मी शाळेत पेढे वाटले. कशाचे ते विचारणारे दोनच शिक्षक निघाले.

पण त्या सोमवारी दुपारी पाऊस थांबल्यावर अण्णांनी विचारलं, ‘‘तुझी ती कुठं हाये?’’ मी स्टुलावर चढून सेबर काढली. मुठीच्या कडीवर गंज चढला होता. त्यांनी ती तोलली, अर्धा किलोही भरत नाही हे पाहून तोंड वाकडं केलं, मनगट फिरवून पाहिलं. पट्ट्यात मनगट पोलादी खोबणीत अडकलेलं असतं, फिरतो तो खांदा आणि अख्खं अंग. ‘‘हे बरं हाये,’’ ते स्वतःशीच म्हणाले. मग ओसरीच्या फरशीवर उभे राहिले, फरशांच्या जोडाची सरळ रेघ पायाखाली घेऊन.

‘‘पुढं जायचं कळलं. मागं कसं जाता?’’

‘‘मागचा पाय आधी, अण्णा. मग पुढचा.’’

त्यांनी पुढचाच आधी उचलला. मी हाताला धरलं, पुन्हा सांगितलं. दारातून सासूबाईंचा आवाज आला, ‘‘आते काय व्हयनं?’’