हीटरची नळी

आमच्या वसईत मोटारीचा हीटर म्हणजे पेटीतला दागिना. बारा महिने घाम पुसणाऱ्या माणसाला त्याचे काय अप्रूप? म्हणूनच इंजिनाकडून हीटरकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. परंतु हीटर लावा अथवा न लावा, इंजिनातले तापलेले कूलंट त्या नळ्यांत असतेच. कित्येक गाड्यांत ते अखंड वाहत असते. सुमारे ९० अंश सेल्सिअसचा ताप आणि वर दाब! तो वर्षानुवर्षे सोसून रबराची लवचिकता जाते. शुभवर्तमानातल्या जुन्या बुधल्यांचे दुखणे तरी दुसरे काय होते?

२०२४ च्या फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेस निघायचे होते. सोबत ऐंशी ओलांडलेली आई. कूलंट गळून गेले तर कसारा घाटाच्या चढावर इंजिनाचे हेड वाकायला वेळ लागत नाही, आणि तिला तिथे उन्हात ताटकळत बसवणे मला सोसवले नसते. निघण्यापूर्वी, इंजिन पूर्ण गार असताना, एकेक नळी बोटांनी दाबून पाहिली. रेडिएटरच्या नळ्या दाबताच पूर्ववत होत होत्या. हीटरची एक मात्र क्लिपेपाशी सुजून पिचपिचीत झाली होती. कडेला वाळलेल्या कूलंटचा हिरवट पापुद्रा आणि गोडसर वास. (डाव्या पायाखालची चटई चिकट ओली होत असेल, तर बहुधा गळती हीटरच्या पेटीत असते. तो खर्च निराळाच!)

मिस्त्रीने नळी पिळून ओढली नाही, हे मला आवडले. हीटरचे तोंड नाजूक असते, हिसका बसला तर तेच तुटायचे. त्याने ब्लेडने उभी चीर देऊन ती केळीच्या सालीसारखी सोलली. आतली भेग बाहेरच्यापेक्षा कितीतरी लांब होती. तोंड घासूनपुसून त्याने त्याच मापाची, उष्णता सोसणारी नळी बसवली; बागेला पाणी घालायचा पाइप तिथे चालत नाही. क्लिप तोंडावरच्या उंचवट्याच्या मागे आवळली. मग डिस्टिल्ड पाणी मिसळलेले कूलंट भरून, हीटरची कळ ‘गरम’वर ठेवून इंजिन चालू केले, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. निथळलेले कूलंट मी झाकणाच्या डब्यात भरून घेतले. ते विषारी असते, आणि कुत्री-मांजरे ते चाटतात.

घाट चढताना आई मागे जपमाळ ओढीत होती. मी तापमानाच्या काट्याकडे पाहत होतो. तो मध्यावरून हलला नाही.