दंड माफ, पुस्तक नाही

५ ऑक्टोबर २०२१. न्यूयॉर्क शहरातल्या तिन्ही सार्वजनिक ग्रंथालय यंत्रणांनी (न्यूयॉर्क, ब्रुकलिन, क्वीन्स) उशिराचा दंड कायमचा बंद केला. जुनी थकबाकीही पुसून टाकली.

*

दंड तसा किरकोळच होता. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत मोठ्यांच्या पुस्तकाला दिवसाला २५ सेंट, मुलांच्या पुस्तकाला १०. पण साठत साठत १५ डॉलर झाले की कार्ड बंद. आता हिशेब करा. एखाद्या आईने पोरांसाठी चित्रांची दहा पुस्तकं नेली आणि परत करायला पंधरा दिवस उशीर झाला, की झाले १५ डॉलर. ज्याच्या खिशात आहेत तो काउंटरवर भरतो आणि पुढचं पुस्तक उचलतो. ज्याच्याकडे नाहीत तो ग्रंथालयाची पायरी चढणंच सोडतो, आणि ती दहा पुस्तकंही मग घरीच राहतात. दंड बंद झाला तेव्हा शहरात अशी अडकलेली कार्डं चार लाखांच्या घरात होती. निम्म्याहून जास्त गरीब वस्त्यांमधली.

*

‘शिस्त बिघडेल’ हा आक्षेप येतोच. इस्रायलमधल्या हैफा शहरात १९९८ मध्ये पाळणाघरांत एक प्रयोग झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशिरा येणारेच वाढले, जवळजवळ दुप्पट झाले. पैसे भरतोय ना, मग लाज कसली! दंडाविरुद्ध बोलताना हे उदाहरण हमखास दिलं जातं. पुढचा भाग मात्र गाळतात: दंड काढून घेतल्यावरही पालक वेळेवर यायला लागले नाहीत.

मग शिकागोच्या ग्रंथालयांत उलट का घडलं? तिथे १ ऑक्टोबर २०१९ ला दंड बंद झाला आणि पहिल्या तीनच आठवड्यांत परत येणाऱ्या पुस्तकांचं प्रमाण २४० टक्क्यांनी वाढलं. मला वाटतं, पाळणाघरात दंडामुळे पालकांची भीड चेपली होती. ग्रंथालयात दंडामुळे लोक काउंटरला तोंड दाखवत नव्हते.

*

पुस्तक मात्र फुकट नाही. न्यूयॉर्कमध्ये मुदत संपून महिना उलटला की ते हरवलं असं धरतात आणि त्याची किंमत खात्यावर चढते. परत आणून दिलं की उतरते. हा व्यवहार मला पटतो. पुस्तक मागावं, दिवस मोजू नयेत.

*

तारखेचा योगायोग. ५ ऑक्टोबर १७८९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी न्यूयॉर्क सोसायटी लायब्ररीतून आंतरराष्ट्रीय कायद्यावरचं एक पुस्तक नेलं. (हे वर्गणीदारांचं ग्रंथालय.) परत केल्याची नोंद नाही. अखेर २०१० मध्ये त्यांच्या माउंट व्हर्ननच्या वास्तूची देखभाल करणाऱ्यांनी त्याच आवृत्तीची दुसरी प्रत मिळवून दिली. दंड तीन लाख डॉलरच्या आसपास भरत होता. कुणी मागितला नाही.

*

आपल्याकडे प्रश्न एक पायरी आधी येतो. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक वाचनालयं संस्थांनी चालवलेली. १९६७ च्या कायद्याखाली मान्यता मिळाली तर सरकारी अनुदान, बाकी भिस्त सभासदांवर. तेव्हा अनामत आणि वर्गणी भरल्याशिवाय पुस्तक हाती पडणं कठीण. न्यूयॉर्कमध्ये कार्डच फुकट, म्हणून दंड तेवढा काढला तरी वाट मोकळी झाली.

*

ई-पुस्तकाला उशीर होतच नाही. मुदत संपली की ते आपोआप गायब, मग शेवटची दहा पानं का उरली असेनात. मुदत वाढवून मागावी, तर पुढे रांग लावून माणसं बसलेली.