कच्चं वाजवणं

नुकताच जमलेला बँड रंगमंचावर दाखवायचा, तर पहिल्या प्रवेशात तो कच्चाच वाजायला हवा. फिरोदिया करंडकासाठी कॉलेजच्या मुलांचं संगीत बसवताना मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते याच गोष्टीनं. तिचा विचार करताना मी हटकून ‘सिंग स्ट्रीट’कडे वळतो.

जॉन कार्नी यांच्या २०१६च्या चित्रपटावरून एन्डा वॉल्श यांनी हे संगीत नाटक लिहिलं. १९८०च्या दशकातलं डब्लिन. कामधंदा नाही, तरुण पोरं लंडनची वाट धरतायत. घरात पैशांची ओढाताण, म्हणून कॉनरला चांगली शाळा सोडून सिंज स्ट्रीटवरच्या ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेत यावं लागतं. कार्नी स्वतः तिथेच शिकलेले. एका मुलीवर छाप पाडायला कॉनर सांगून बसतो, की आमचा बँड आहे. आता बँड उभा करणं आलंच. डिसेंबर २०१९मध्ये न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉपनं हे नाटक रंगमंचावर आणलं आणि वाद्यं नटांच्याच हाती दिली.

हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आपल्या संगीत नाटकात नट गातो, पण ऑर्गन आणि तबला साथीदारांकडे असतो. इथे बोटं अडखळली तर ती त्या पात्राचीच अडखळतात. म्हणून ते अडखळणं खरं असावं लागतं.

चांगल्या गिटारिस्टला ‘जरा चुकीचं वाजव’ म्हटलं, की तो दोन-चार बेसूर स्वर पेरतो. प्रेक्षकांना हसू येतं आणि प्रवेश तिथेच संपतो. नवशिका असा चुकत नाही. त्याची एफ कॉर्ड प्रत्येक वेळी त्याच जागी उशिरा पोहोचते. ड्रमर रोल आला की धावत सुटतो. बेसवाला आपल्या डाव्या हातावरून नजर काढत नाही. आणि सगळे सतत वाजवत राहतात. थांबणं हाही वाजवण्याचाच भाग आहे, हे कुणाला ठाऊक नसतं. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट असते: कुणीही दुसऱ्याला ऐकत नसतो.

म्हणून मी मुलांना चुकायला सांगत नाही, त्यांचं ऐकणं तोडतो. मॉनिटर बंद करतो. ड्रमरला पाठमोरा बसवतो. प्रत्येकाला सांगतो, फक्त स्वतःचं वाजवणं ऐक. मग कच्चेपणा आपोआप येतो. पुढच्या गाण्यांत एकेक धागा जोडून देतो. आधी बेस आणि किक एकत्र पडू लागतात, नंतर गिटार शब्दांना जागा देते. कानात क्लिक ट्रॅक मात्र देत नाही. लय त्यांनी एकमेकांकडूनच घ्यायला हवी.

गाण्यांचंही तसंच. चित्रपटात ही मुलं आधी ड्युरान ड्युरानचं ‘रिओ’ वाजवतात, आणि ती नक्कल ऐकून मोठा भाऊ ब्रेंडन त्यांना फैलावर घेतो. मग येतं त्यांचं पहिलं स्वतःचं गाणं, ‘द रिडल ऑफ द मॉडेल’. कार्नींच्या जोडीनं ही गाणी रचणारे गॅरी क्लार्क म्हणजे १९८७मध्ये ‘मेरीज प्रेयर’ देणाऱ्या डॅनी विल्सन या स्कॉटिश बँडचे गायक. कसलेल्या माणसानं पंधरा वर्षांच्या पोराचं गाणं लिहायचं, त्यात उसनवारी दिसली पाहिजे आणि तरी ते ओठांवर राहिलं पाहिजे. असा संयम मी फार थोड्या संगीतकारांत पाहिला आहे.

ब्रॉडवेवर लायसियम थिएटरमध्ये नाटकाचे प्रयोग लागणार होते. मार्च २०२०मध्ये सगळंच बंद झालं. एप्रिलअखेर त्या मुलांनी आपापल्या घरांतून इंटरनेटवर गाणी सादर केली. एका खोलीत श्वास घेतल्याशिवाय जे जमत नाही, तेच नेमकं त्यांच्याकडून हिरावलं गेलं होतं, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे २०२२मध्ये बॉस्टनच्या हंटिंग्टननं नाटक पुन्हा उभं केलं.

आमच्याकडे तालमी मी शेवटच्या गाण्यापासून सुरू करतो आणि उलटा मागे येतो. पहिलं गाणं सगळ्यात शेवटी. एकोणीस वर्षांच्या मुलानं रात्र-रात्र जागून सोलो बसवलेला असतो; भरलेल्या सभागृहात मित्रांसमोर कच्चं वाजव, हे त्याच्या जिवावर येतं. त्याला आधी तो सोलो मनसोक्त वाजवू द्यावा लागतो, सगळ्यांकडून दाद मिळू द्यावी लागते. त्यानंतरच मी त्याच्यासमोरचा मॉनिटर बंद करतो.